कामाला कशानं जाता?

सकाळी पावणेसातला नगरमध्ये (आताचं अहिल्यानगर) नागापूरच्या पुलावर उभं राहून पाहावं. खाली सीना नदी आहे याची कुणाला आठवणही नसते. मनमाड रोडनं एमआयडीसीकडे मोटरसायकलींची रांग धावत असते. त्यात मधूनच कंपनीची पांढरी बस, चालकाच्या दोन्ही बाजूंना माणसं घेतलेली शेअर रिक्षा, आणि अगदी कडेनं सायकलवाले. हे सायकलवाले बहुतेक पन्नाशीपुढचे. मोटरसायकलवाल्यांची हेल्मेटं आरशाला नाही तर कोपराला लटकलेली. ती डोक्यावर चढतात गेटच्या अलीकडच्या शेवटच्या टपरीपाशी, कारण बऱ्याच कंपन्यांत सिक्युरिटीवाला हेल्मेटशिवाय गाडी आत घेत नाही. वाहतूक पोलिसांना जे वर्षानुवर्षं जमलं नाही, ते गेटवरच्या वॉचमननं करून दाखवलं. फक्त शेवटच्या पन्नास पावलांपुरतं.

माणूस कामाला कशानं जातो हे त्याच्या ऐपतीवर आणि आवडीवर ठरतं, असं आपण धरून चालतो. मला ते तितकंसं खरं वाटत नाही. शिफ्ट किती वाजता लागते, उशीर किती मिनिटं चालतो, गाडी कुठं लावू देतात, बसमध्ये कुणाला बसू देतात, हे सगळं गेटच्या आत ठरतं. घरापासून गेटपर्यंतचा रस्ता बाकीचं ठरवतो. माणसाच्या हातात उरतं ते पेट्रोल भरणं.

*

हजेरीच्या पंचची गोष्ट. पूर्वी कार्ड होतं, मग अंगठा आला, आता बऱ्याच ठिकाणी चेहरा दाखवावा लागतो. तीन लेटमार्क झाले की अर्धा दिवस कापायचा, हा हिशेब कमीजास्त फरकानं सगळीकडे सारखाच. एसटी दहा मिनिटं उशिरा आली तर कंडक्टरला कुणी विचारत नाही, पण त्यातून उतरलेल्या माणसाचा अर्धा दिवस जातो. दोन महिने असं झालं की तो सेकंडहँड मोटरसायकल बघायला लागतो. घरचे म्हणतात पोराला गाडीचं वेड. वेड कसलं! ती गाडी हजेरीच्या मशीननं घ्यायला लावलेली असते. हप्ता तेवढा त्याच्या पगारातून जातो.

*

कंपनीची बस ही नगरमध्ये एक प्रतिष्ठा होती, अजूनही आहे. मुलगा ‘परमनंट’ आहे हे सोयरिकीच्या बैठकीत सांगताना, कंपनीची बस चौकात न्यायला येते, हेही सांगितलं जाई. सावेडीत, पाइपलाइन रोडला, केडगावला ठरलेले ‘पॉइंट’ असत. त्या पॉइंटवर उभ्या माणसाच्या हातातला डबा आणि अंगातला युनिफॉर्म बघून दुकानदार उधारी देत. घर घेतानासुद्धा पहिला प्रश्न, पॉइंट किती लांब? म्हणजे कंपनीनं बसचा मार्ग आखला आणि त्या मार्गाच्या दोन्ही अंगांनी वसाहत वाढत गेली. नगररचना खात्याला याचं श्रेय घेता येणार नाही.

आता परमनंट थोडे आणि ठेकेदाराकडचे फार. ठेकेदाराकडच्या माणसाला एमआयडीसीत ‘लेबर’ म्हणतात, जणू बाकीचे दुसरंच काही करतात. तेच मशीन, तीच शिफ्ट, पण बसची यादी वेगळी. पहाटे पॉइंटवर निम्मी रिकामी बस थांबलेली आणि तिच्याच बाजूनं चार पोरं चालत निघालेली, हे मी पाहिलं आहे. एकानं दारात पाय ठेवून विचारलं, “मामा, चौकापर्यंत सोडा ना.” ड्रायव्हरमामा वाईट माणूस नव्हता. म्हणाला, “दादा, यादीत नाव नाही रे. उद्या कुणी कंप्लेंट केली तर माझंच जायचं.” पोरगं काही न बोलता उतरलं आणि बसच्या पुढं चालायला लागलं. पुढच्या चौकात सिग्नलला बस त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

*

जामखेड, पाथर्डी, आष्टी, कडा इकडची पोरं नागापूर, बोल्हेगाव, निंबळकला खोल्या करून राहतात. एका खोलीत चार-पाच, दोन पहिल्या शिफ्टला, दोन रात्रपाळीला, म्हणजे गाद्या कधी थंड होत नाहीत. ही मुलं चालत कामाला जातात. वाहतुकीच्या भाषेत हे आदर्श: ना धूर, ना गर्दी. पण एमआयडीसीतल्या रस्त्यांना फूटपाथ बेताचे, आणि जे आहेत त्यांवर टपऱ्या. रात्री अकराला सुटलेला माणूस ट्रेलरच्या चाकांना खेटून चालतो. पगार थोडा वाढला की तोही गाडी घेतो.

*

एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी धावली ती पुणे–अहमदनगर याच रस्त्यावर. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. हे नगरच्या प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असतं आणि असावंही. माळीवाडा, तारकपूर आणि पुणे बसस्थानक अशी तीन स्थानकं एकाच शहरात आहेत. बाहेरगावी जाण्याची सोय म्हणाल तर नगरकराला तक्रारीला जागा कमी. पण केडगावहून एमआयडीसीत जायचं म्हटलं की माणूस रिक्षावाल्याच्या मर्जीवर. महापालिका २००३ साली झाली. शहर बससेवा ठेकेदारावर चालली. ठेकेदार बदलले, बस आल्या, तोटा झाला, बंद पडल्या, पुन्हा आल्या. ज्या सेवेचा उद्या भरवसा नाही तिच्यावर नोकरी कोण टांगेल? चार महिने बंद पडून सुरू झालेल्या बसला प्रवासी मिळत नाहीत, कारण त्या चार महिन्यांत त्यांनी गाड्या घेतलेल्या असतात. आणि एकदा हप्ता सुरू झाला की माणूस बसच्या तिकिटाचे पैसे वेगळे काढत नाही.

२०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या काळात जे प्रवासी गेले त्यातले सगळे परत आले नाहीत, हे कुठल्याही खेड्यातल्या थांब्यावर उभं राहिलं की कळतं.

*

या शहराचा गाड्यांशी संबंध मात्र जुना आहे. फिरोदिया घराणं नगरचं. नवलमल फिरोदियांना देशात ऑटोरिक्षा आणण्याचं श्रेय दिलं जातं. पुढं बजाज टेम्पो कंपनी १९५८ मध्ये निघाली. तिच्या टेम्पोनं माल वाहिला, मॅटाडोरनं माणसं, आणि ट्रॅक्सनं ग्रामीण महाराष्ट्रातली काळी-पिवळी वाहतूक सांभाळली. धाकटे बंधू हस्तीमल फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं १९७२ साली लूना आणली, ती नगरच्या कारखान्यात बनली. पन्नास सीसीची, पॅडल असलेली. पेट्रोल संपलं तर सायकलसारखी मारत घरी नेता यायची. शिक्षिका, कारकून, पोस्टमन, विमा एजंट, दूधवाला, या सगळ्यांना सायकल आणि स्कूटर यांच्या मधली एक पायरी तिनं दिली. सायकलला लाजणाऱ्या आणि स्कूटर न परवडणाऱ्या माणसांची संख्या या देशात किती मोठी आहे, हे तिनं दाखवून दिलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिची विजेवर चालणारी आवृत्ती आली, तीही नगर जिल्ह्यातूनच.

शिवाय संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, व्हीआरडीई, नगरलाच. तिच्या वसाहतीचं नावच वाहननगर. तिथं रणगाड्यापासून ट्रकपर्यंत सगळं तपासलं जातं. इतक्या गाड्या बनवणाऱ्या आणि तपासणाऱ्या गावात शहरबस टिकू नये, याला काय म्हणावं? व्हीआरडीईच्या किंवा लष्कराच्या वसाहतीतल्या माणसाला मात्र हा प्रश्न फारसा पडत नाही. मालकानं क्वार्टर कामाशेजारीच बांधलेत. तो सायकलवर जातो आणि दुपारी जेवायला घरी येतो.

*

क्वार्टरवरून साखर कारखाने आठवले. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५०–५१ च्या हंगामात सुरू झाला, आशियातला पहिला असं आपण अभिमानानं सांगतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ही नावं त्याच्याशी जोडलेली. त्या कारखान्यांनी कामगारांना नुसती नोकरी दिली नाही. कॉलनी, शाळा, दवाखाना, बाजार दिला. भोंगा झाला की माणूस अंगात शर्ट घालत घराबाहेर पडे आणि पाळीला वेळेवर पोचे. त्या काळच्या कामगाराला “कामाला कशानं जाता?” विचारलं असतं तर त्याला प्रश्नच कळला नसता.

आता कॉलन्या ओस नाहीत, पण पुढची पिढी तिथं राहायला तयार नाही. मुलांचे क्लास नगरला, संगमनेरला, श्रीरामपूरला. बाप रोज पंचवीस-तीस किलोमीटर मोटरसायकल मारतो, मुलं मात्र क्लासला चालत जातात. घराचं ठिकाण पूर्वी बापाच्या नोकरीनं ठरत होतं, आता मुलांच्या क्लासनं ठरतं.

*

त्याच कारखान्याला ऊस तोडणारा माणूस मात्र वेगळ्याच गाडीतून येतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, बीडकडून दसरा-दिवाळीला ट्रक आणि ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या निघतात. संसार, कोयता, शेळ्या, पोरं, म्हातारी, सगळं एकावर एक. गाडी मुकादमानं ठरवलेली, उचल मुकादमानं दिलेली, कोणत्या कारखान्याला जायचं तेही त्यानंच ठरवलेलं. कोप्या फडाजवळ असतात म्हणून रोजचं अंतर थोडं, पण पहाटे चारला बैलगाडी जुंपून फडात आणि तिथून भरलेली गाडी घेऊन कारखान्याच्या वजनकाट्याच्या रांगेत. कामाची जागा, घर आणि वाहन ही तिन्ही एकाच माणसाच्या मुठीत गेली की काय होतं ते बघायचं असेल तर गळिताच्या हंगामात श्रीरामपूर, राहुरी, कोपरगावच्या रस्त्यांवर रात्री फिरावं. मागं लाल दिवा नसलेल्या ट्रॉलीवर मागून आदळणारी मोटरसायकल ही हंगामातली नेहमीची बातमी. त्या मोटरसायकलवाल्यालाही कुठंतरी पाळीला पोचायचं असतं.

*

एक निकाल इथं नोंदवून ठेवतो. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार २२ एप्रिल २००३ च्या पहाटे मोटरसायकलवरून कामाला निघाला. ड्यूटी पहाटे तीन ते सकाळी अकरा. कारखाना पाचेक किलोमीटर राहिला असताना अपघातात गेला. कामगार नुकसानभरपाई आयुक्तांनी घरच्यांना भरपाई मंजूर केली. विमा कंपनी वर गेली आणि २०११ मध्ये उच्च न्यायालयानं भरपाई रद्द केली: मृत्यू कामावर नाही, वाटेवर झाला. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं भरपाई पुन्हा दिली. घर ते काम ही वाट, वेळ-काळ आणि परिस्थितीचा कामाशी संबंध दिसत असेल तर, कामाचाच भाग धरायची, असा त्याचा अर्थ. कर्मचारी राज्य विमा कायद्यात अशा अर्थाचं कलम २०१० सालीच आलं होतं. न्यायालयानं तोच न्याय जुन्या १९२३ च्या कायद्याला लावला.

बावीस वर्षं लागली. पण मुद्दा भरपाईपुरता नाही. पहाटे तीनला कामावर बोलावलं, त्या वेळी कुठली एसटी, कुठली रिक्षा? अंधारात दुचाकी चालवत येण्याची पाळी मालकानं लावलेल्या वेळेमुळं आली. त्या वाटेचा कामाशी संबंध न्यायालयानं मान्य केला. पाळीचा तक्ता करणाऱ्यांनी हा निकाल एकदा वाचावा.

*

शिक्षकांचं अप-डाऊन. या विषयावर नगर जिल्ह्यात प्रत्येकाचं ठाम मत असतं आणि प्रत्येकाच्या घरात एक तरी शिक्षक असतो. सरकारचा नियम सोपा: मुख्यालयी राहा, तर घरभाडं मिळेल. २०१९ पासून तर ग्रामसभेचा ठराव लागतो की गुरुजी गावात राहतात. ठराव मिळतो. गुरुजी संध्याकाळी नगरला नाही तर संगमनेरला परततात. २०२२ मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी हा प्रश्न विधानसभेत काढला तेव्हा शिक्षक रस्त्यावर आले आणि महिनाभर गावोगाव तोच वाद चालला.

मला दोन्ही बाजूंचं पटतं आणि दोन्ही बाजूंचा राग येतो. गावात राहायला धड खोली नाही, बायकोची नोकरी दुसऱ्या तालुक्यात, मुलांची शाळा शहरात, हे खरं. अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात दोन फेऱ्यांची एसटी चुकली की दिवस गेला, हेही खरं. पण मालकानं ‘इथं राहा’ म्हणायचं, राहण्यासारखं काही द्यायचं नाही, नोकरानं ‘राहतो’ म्हणून सही करायची, आणि ग्रामसभेनं त्यावर शिक्का मारायचा, या तिघांच्या संगनमतात खरा हिशेब हरवतो. खोट्या कागदावर घरभाडं देण्याऐवजी खऱ्या कागदावर प्रवासभत्ता दिला असता तर चार शिक्षकांची एक गाडी सरकारमान्य झाली असती.

ती गाडी आजही आहेच. चौकात सकाळी साडेआठला एक पांढरी कार थांबते, मागं तीन, पुढं एक. पेट्रोल वाटून. ज्याची गाडी त्याला एक हप्ता माफ. सोमवारी कुणाचा वाढदिवस असेल तर वडापाव. कोण किती वर्षं कुठल्या सीटवर बसतं ते ठरलेलं. बदल्या झाल्या की सीट रिकामी होते आणि नवा माणूस शोधताना त्याच्या शाळेपेक्षा त्याचा स्वभाव आधी विचारला जातो. कारपूलिंग म्हणून मोठमोठ्या शहरांत ॲप काढून जे जमत नाही ते जिल्हा परिषदेच्या मास्तरांनी कुणाच्या सांगण्यावाचून जमवलं आहे.

*

मुक्कामी गाडी. रात्री गावात यायची, चालक-वाहक देवळात किंवा शाळेच्या ओट्यावर झोपायचे, पहाटे पाच-साडेपाचला निघायची. दूधवाले, कॉलेजची मुलं, दवाखान्यात कामाला जाणाऱ्या मावशी, कोर्टाची तारीख असलेले म्हातारे. ही गाडी बंद झाली की गावातला तालुक्याला नोकरी करणारा माणूस तालुक्यालाच राहायला जातो. पाच वर्षांत शाळेचा पट उतरतो. असं झालेली गावं दाखवता येतील. डेपोत मात्र ती फक्त एक तोट्यातली फेरी असते.

*

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. यावर पुरुषांनी भरपूर विनोद केले. पण सुप्याहून, जेऊरहून, घोडेगावहून नगरला कापडाच्या दुकानात, दवाखान्यात, पतसंस्थेत येणाऱ्या मुलींचा हिशेब त्या दिवशी बदलला. आठ-दहा हजारांच्या पगारात रोजचं जाण्यायेण्याचं भाडं निम्मं झालं, की जी नोकरी घरच्यांच्या मते ‘परवडत नव्हती’ ती परवडते. पुरुष कामगाराला मासिक पास आहे, वीस दिवसांच्या भाड्यात महिनाभर. तरी तो गाडीच घेतो, कारण रात्री अकराला सुटल्यावर पास दाखवायला एसटी नसते.

बायकांच्या रात्रपाळीचंही असंच. कारखाने कायद्यानं १९४८ पासून संध्याकाळी सातनंतर बायकांना कामाला लावायला बंदी होती. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये ती अटींवर उठवली, आणि त्यातली एक अट म्हणजे घरापर्यंत पोचवण्याची सोय. अट बरोबर आहे. तिचा व्यवहारातला परिणाम मात्र असा की काही मालक हिशेब करतात, गाडी ठेवण्यापेक्षा बाई न ठेवलेली बरी. कायद्यानं दार उघडलं आणि गाडीभाड्यानं ते लोटून घेतलं.

*

कांदालागवडीच्या दिवसांत पारनेर, नेवासा, राहुरीच्या रस्त्यांवर पिकअप आणि छोटा हत्ती दिसतात. मागच्या हौद्यात पंधरा-वीस बायका उभ्या, डोक्याला टॉवेल, हाताला डबे, एकीच्या कडेवर पोर. इथं एक मजेशीर गोष्ट आहे. शेतमजुरी हे एकच क्षेत्र असं की जिथं मजूर प्रवासाचे पैसे मालकाकडून रोकठोक वसूल करतात. “रोज वेगळा, गाडीभाडं वेगळं,” हे फोनवरच ठरतं. मुकादमीण बाई असेल तर परतीची वेळही ठरते. ही ताकद कुठून आली? सोपं आहे: लागवडीला बायका मिळत नाहीत. रोप उपटून ठेवलेलं, पाणी सोडलेलं. शेतकऱ्याला थांबता येत नाही. कंपनीच्या गेटबाहेर मात्र दहा जण उभे असतात.

फक्त गाडी मालवाहू. तिला माणसं न्यायचा परवाना नाही. पलटी झाली तर विमा कंपनी हात वर करते.

२०११ च्या जनगणनेत विचारलं गेलं की तुम्ही कामाला कशानं जाता आणि किती लांब. पण हा प्रश्न शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले सोडून बाकीच्यांना होता. म्हणजे हौद्यात उभ्या राहिलेल्या या बायका प्रवास करतात हे कागदावर कुठंच नाही. २०२१ ची जनगणना तर झालीच नाही.

*

विड्यांचं थोडक्यात. नगर, संगमनेर ही विडीची गावं. नगरात पद्मशाली समाजाच्या बायकांचे हात यात पिढ्यानपिढ्या चालले. पानं, तंबाखू, दोरा घेऊन घरी यायचं, वळायच्या, आणि नेऊन द्यायच्या. प्रवास शून्य. मालकाचं शेडचं भाडं, वीज, बस, सगळं वाचलं. घरून काम ही करोनानं आणलेली नवी गोष्ट, असं पुण्याची आयटीवाली मुलं म्हणतात तेव्हा मला तोफखान्यातल्या या बायका आठवतात. प्रवास वाचणं म्हणजे दर वेळी कामगाराचा फायदा असतो असं नाही.

*

रेल्वे. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ चा. श्रीरामपूरच्या स्टेशनाचं नाव अजून बेलापूरच. अहिल्यानगर–बीड–परळी मार्गाची वाट दोन पिढ्यांनी पाहिली. आष्टीपर्यंतचे ६६ किलोमीटर २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाले, बीडपर्यंत गाडी १७ सप्टेंबर २०२५ ला पोचली. आनंद आहेच. पण आष्टीची गाडी सुरू झाली तेव्हा ती आष्टीहून निघायची सकाळी अकराच्या सुमारास आणि नगरला यायची दुपारी. आष्टी-कड्याच्या पोराची पहिली शिफ्ट तोवर संपत आलेली. गाडीला गर्दी नाही म्हणून पुन्हा चर्चा. रूळ टाकायला इतकी वर्षं आणि कोट्यवधी रुपये लागले. वेळापत्रक करताना एमआयडीसीच्या शिफ्टची वेळ विचारायला एक फोन लागला असता.

*

सुप्याला जपानी कंपन्यांसाठी वेगळा औद्योगिक पट्टा झाला आहे. जपानात नोकरदाराच्या रेल्वेपासचे पैसे कंपनीनं देणं ही इतकी रूढ गोष्ट आहे की महिना दीड लाख येनपर्यंत त्यावर करही नाही. गाडीच्या पेट्रोलपेक्षा पासला झुकतं माप. फ्रान्समध्ये पॅरिस परिसरात १९७१ पासून कंपन्यांच्या पगारपत्रकावर कर बसतो आणि तो थेट बस-मेट्रोला जातो. नेदरलँड्समध्ये किलोमीटरमागं करमुक्त भत्ता देता येतो आणि तो सायकलवाल्यालाही तेवढाच.

आपल्याकडे? २०१८ पर्यंत महिना १६०० रुपयांचा वाहतूक भत्ता करमुक्त होता. मग तो प्रमाणित वजावटीत मिसळून टाकला. आता बसनं जा, सायकलनं जा की बुलेटवर, आयकराला फरक पडत नाही. कंपनीनं घर ते काम बस दिली तर तिचं मूल्य कामगाराच्या उत्पन्नात धरत नाहीत, ही एक चांगली तरतूद आहे. तिचा फायदा घेणारे मालक कमी, आणि घेतात ते परमनंटपुरता.

जपानी पद्धतीतलं काय काय सुप्याला आलं? कवायत आली, फाईव्ह-एस आलं, टोप्यांचे रंग आले. पासचे पैसे यायचे आहेत.

*

सावलीचं एक. जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीत दुचाकींसाठी पत्र्याची शेड आहे. मॅनेजरच्या कारसाठी तर नाव लिहिलेली जागा. आणि बाहेर जिथं एसटी थांबते तिथं? एक बाभूळ. एप्रिल-मेमध्ये दुपारी साडेतीनला सुटलेला माणूस त्या बाभळीखाली उभा राहून शेडमधल्या गाड्यांकडे बघतो. कुणी त्याला ‘मोटरसायकल घे’ असं म्हटलेलं नाही. म्हणायची गरजही नाही.

*

कारखानदारांना एवढंच सांगायचं आहे. बस परवडत नसेल तर ठेवू नका, पण जी आहे तिच्यातल्या रिकाम्या जागा ठेकेदाराकडच्या पोरांना द्या. डिझेल तेवढंच लागतं. शिफ्टच्या वेळा ठरवताना तारकपूर डेपोला एक पत्र टाका, आणि डेपोनं उत्तर दिलं नाही तर दुसरं टाका. गेटबाहेरच्या थांब्यावर चार पत्रे टाका. आणि नोकरीची जाहिरात देताना पगार, वय, शिक्षण लिहिता तशी आणखी एक ओळ लिहा: शिफ्ट सुटल्यावर शेवटची एसटी किती वाजता आहे.